परवान्याचा धाक कोणाला?

गांजाची पुडी बाळगणारा एखादा तरुण पकडला गेला, की दुसऱ्या दिवशी त्याची बातमी येते. मालाचे वजन, त्याची बाजारातील किंमत, पोलिस ठाणे, लावलेली कलमे असा सारा तपशील तिच्यात असतो. मात्र भिंतीवर सरकारी परवाना टांगून, पावतीपुस्तक ठेवून चालणाऱ्या एखाद्या दुकानातून नियम मोडून नशेचा माल विकला गेला, तर त्या दुकानाचे पुढे काय झाले हे सहसा कोणालाच कळत नाही. नोटीस निघते, खुलासा दिला जातो, काही दिवस शटर खाली राहते आणि मग ते पुन्हा वर जाते. गल्लीतले लोक काय ते समजतात, पण त्यांना कागद कधी दिसत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील तीन शहरांत हा प्रश्न केवळ कायद्याच्या पुस्तकातला राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूरची सुमारे पावणेदोन लाख होती. त्यानंतर अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांनी ही संख्या बरीच पुढे नेली आहे. पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणारे आई-वडील रात्री परततात. मधल्या दहा-बारा तासांत वयात येणारी मुले काय करतात, कोणत्या दुकानात जातात, याची काळजी या शहरांतील घराघरांत आहे. तेव्हा परवाना देणारे सरकार तो परवाना मोडणाऱ्याला शिस्त कशी लावते, हा येथील कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा विषय ठरतो.

जगात अनेक देशांनी गांजाचा व्यापार परवान्याखाली आणला आणि तेथे परवानाधारकांवरील कारवाईचे नवे शास्त्रच उभे राहिले. आपल्याकडे ‘गांजा कायदेशीर करा’ आणि ‘अजिबात करू नका’ या दोन टोकांवरच वाद रंगतो. या वादात एक साधा प्रश्न मागे पडतो. ज्या नशेच्या पदार्थांना आपण आजच परवाना देतो, त्यांच्या विक्रेत्यांना तरी आपल्याला शिस्त लावता आली आहे काय?

परवाना जुनाच

गांजाचा परवाना ही कल्पना आज परदेशी वाटत असली, तरी या मातीत ती नवी नाही. मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्याखाली गांजा आणि भांग यांची विक्री सरकारी परवान्यानेच चालत असे. या पदार्थांचे दुष्परिणाम तपासण्यासाठी १८९३ साली ब्रिटिश सरकारने आयोग नेमला. ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आयोगाने देशभरातील १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून १८९४मध्ये अहवाल दिला. संपूर्ण बंदी अनावश्यक असल्याचे सांगताना आयोगाने नियंत्रणाचा आग्रह मात्र सोडला नाही. परवान्याविना लागवड नको, कर असावा, दुकानांची संख्या मर्यादित असावी आणि एका व्यक्तीने किती माल बाळगावा यालाही मर्यादा असावी, असे त्याचे सांगणे होते. परवाना म्हणजे मोकळीक असे आयोगाने मानले नव्हते. वेसण घालण्याचे साधन म्हणून त्याने परवान्याकडे पाहिले होते.

पुढे १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थ व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायदा, अर्थात एनडीपीएस, अमलात आला. या कायद्याने झाडाचे तुकडे पाडले. राळ म्हणजे चरस, फुले वा फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांविना असलेली नुसती पाने आणि बिया मात्र व्याख्येबाहेर राहिल्या. म्हणून पानांपासून होणारी भांग केंद्रीय कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या हाती गेली. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश या राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात. महाराष्ट्रात भांगेवर १९४९च्या दारूबंदी कायद्याचा अंमल चालतो. धागा वा बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद केंद्रीय कायद्याच्या कलम १४मध्ये आहे आणि उत्तराखंडने २०१८मध्ये त्या वाटेने पाऊल टाकले. हेम्पच्या बिया आणि बियांचे तेल यांना २०२१मध्ये अन्नपदार्थ म्हणून मान्यता मिळाली.

गांजा विकणारे परवानाधारक दुकान महाराष्ट्रात नाही. त्यामुळे अशा दुकानावर शिस्तभंगाची कारवाई होण्याचा प्रश्नही वरवर पाहता उद्भवत नाही. पण याच झाडाच्या पानांचा व्यापार एका वेगळ्या दाराने बाजारात आला आहे, आणि परवान्याच्या व्यवस्थेतील मोठे छिद्र तेथेच दिसते.

कारखान्याला परवाना, दुकानाला नाही

आयुर्वेदात या वनस्पतीला ‘विजया’ म्हणतात. विजयेच्या पानांपासून केलेली तेले, गोळ्या आणि अर्क गेल्या काही वर्षांत आयुष परवान्याखाली तयार होऊ लागले. वेदना, निद्रानाश, कर्करुग्णांचा त्रास अशा कारणांसाठी त्यांची विक्री होते. मोठा भाग ऑनलाइन. औषध नियम, १९४५च्या ‘अनुसूची ई-१’मध्ये वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाच्या विषारी द्रव्यांची यादी आहे. बिया वगळून भांगेचा तिच्यात समावेश होतो. अशा औषधाच्या वेष्टनावर, ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, हा इशारा ठळकपणे छापणे बंधनकारक आहे.

आयुर्वेदिक औषध तयार करण्यासाठी परवाना लागतो आणि नियम मोडल्यास तो निलंबित किंवा रद्द करता येतो. मात्र आयुर्वेदिक औषध विकण्यासाठी स्वतंत्र विक्री परवान्याची अट कायद्यात नाही. च्यवनप्राश किंवा त्रिफळा चूर्ण किराणा दुकानात मिळावे, या व्यवहारी हेतूने ही सवलत होती. विजयेचा अर्कही त्याच सवलतीत बसला. परिणाम असा, की वेष्टनावरील इशाऱ्याकडे काणाडोळा करून, चिठ्ठी न पाहता बाटली हातात देणाऱ्या विक्रेत्याचा कोणता परवाना निलंबित करायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. जो परवाना कधी दिलाच नव्हता तो काढून घेता येत नाही. उत्पादकाला जाब विचारता येतो, जाहिरात फसवी असेल तर त्यावर कारवाई होऊ शकते, शेंड्यांचा अंश आढळला तर एनडीपीएसचा बडगा उगारता येतो. पण रोजच्या विक्रीला लगाम घालणारे मधले साधनच येथे नाही. दुर्लक्ष किंवा थेट तुरुंग, असे दोनच पर्याय उरतात.

याचा फटका प्रामाणिक रुग्णालाही बसतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध घेणारा कर्करुग्ण आणि कुतूहलापोटी बाटली मागवणारा महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यात फरक करणारी नोंदच गल्ल्यावर होत नाही. पोलिस तपासणीत बाटली सापडली, तर ती कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याची धडपड रुग्णालाच करावी लागण्याची भीती राहते.

‘मेडिकल’ची शिस्त

याच्या अगदी उलट स्थिती ॲलोपॅथिक औषध दुकानांची, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या ‘मेडिकल’ची आहे. येथे परवाना आहे, अटी आहेत, शिक्षेची तरतूदही आहे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि तरुणांच्या बोलीत ‘बटण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या ही परवानाधारक दुकानांच्या मार्गाने नशेच्या बाजारात झिरपणाऱ्या मालाची ठळक उदाहरणे. गांजापेक्षा स्वस्त, खिशात मावणारी आणि वास न येणारी ही नशा घरच्यांच्या लक्षातही उशिरा येते.

कोडीन, अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम अशी औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. मार्च २०१४पासून लागू झालेल्या या अनुसूचीनुसार विक्रेत्याने अशा औषधाच्या प्रत्येक विक्रीची नोंद स्वतंत्र वहीत ठेवायची असते. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण हा तपशील तीन वर्षे जपायचा असतो. विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हावी, हा दंडक फार्मसी कायदा, १९४८ आणि औषध नियम दोन्हींत आहे. परवानाधारक दुकानांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याचे कर्तव्य नियम ५१ने औषध निरीक्षकांवर टाकले आहे. अटी मोडल्यास नियम ६६नुसार परवाना प्राधिकारी कारणे दाखवा नोटीस देऊन परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. संपूर्ण दुकानाऐवजी काही ठरावीक औषधांपुरताही तो निलंबित करता येतो.

कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे. तिच्या तीन फटी मात्र लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली फट मालकाच्या बचावाची. चूक नोकराची आहे, त्यामागे मालकाची फूस वा संमती नव्हती आणि त्याच नोकराकडून मागील १२ महिन्यांत तशीच चूक झालेली नव्हती, असे मालकाने पटवून दिले तर नियम ६६ त्याला परवाना वाचवण्याची वाट देतो. तरतूद न्याय्य आहे; नोकराच्या एका चुकीने मालकाचे घर उद्ध्वस्त होऊ नये. पण गल्ल्यावर दर काही महिन्यांनी नवा मुलगा उभा असेल आणि फार्मासिस्टचे नाव केवळ फलकावर असेल, तर प्रत्येक चूक ‘पहिलीच’ ठरण्याचा धोका असतो.

दुसरी फट अपिलाची. परवाना निलंबित वा रद्द झालेल्या दुकानदाराला तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येते. महाराष्ट्रात ही सुनावणी मंत्र्यांच्या पातळीवर होते. अपिलात आदेशाला स्थगिती मिळाली, की दुकान पुन्हा सुरू होते आणि अंतिम निर्णयापर्यंत ते चालत राहते. स्थगिती का दिली, किती काळासाठी दिली आणि त्या काळात कोणत्या अटी घातल्या, हे त्या गल्लीतील पालकांपर्यंत पोहोचत नाही. निरीक्षकाने महिनाभर खपून केलेले काम एका ओळीच्या आदेशाने थांबू शकते, हे एकदा बाजाराला कळले की नोटिशीचा धाक संपतो.

तिसरी फट तुलनेने नवी आहे. ऑक्टोबर २०१७च्या दुरुस्तीनंतर औषध विक्रीच्या परवान्याचे नियमित नूतनीकरण संपुष्टात आले. ठरलेले शुल्क दर पाच वर्षांनी भरले, की परवाना चालू राहतो. व्यापाऱ्यांची दगदग वाचावी, हा त्यामागील हेतू स्वागतार्ह. पण नूतनीकरणाच्या निमित्ताने दुकानाचा मागील इतिहास टेबलावर येण्याचा जो ठरलेला क्षण होता, तोही त्याबरोबर गेला. आता दुकानाची कुंडली कोणी मुद्दाम उघडली तरच उघडते.

दुकान कॅम्पात, कागद ठाण्यात

या फटी राज्यभर सारख्याच असल्या, तरी उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात त्या अधिक रुंदावतात, कारण येथे सत्तेची विभागणी विचित्र आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले; आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प’चा क्रमांक सांगतात. छोटा धंदा हा या शहराचा प्राण आहे. एका चिंचोळ्या रस्त्यावर जीन्सचा कारखाना, फर्निचरचे दुकान, दवाखाना, मेडिकल आणि परमिट रूम असे सारे खेटून उभे असते. उल्हासनगरला महापालिका, अंबरनाथला नगर परिषद, बदलापूरला कुळगाव-बदलापूर नगर परिषद. तिन्ही शहरे ठाणे पोलिस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळात, म्हणजे परिमंडळ चारमध्ये. औषध परवान्याची सत्ता अन्न व औषध प्रशासनाकडे, दारूच्या परवान्याची जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, आणि या दोन्हींची जिल्ह्याची सूत्रे ठाण्यातून हलतात.

म्हणजे नागरिक तक्रार करतो ती बहुधा जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा नगरसेवकाकडे. पोलिस गुन्हा नोंदवू शकतात, पण परवाना निलंबित करू शकत नाहीत. पालिका अतिक्रमण पाडू शकते, पण औषधाची वही तपासू शकत नाही. ज्याला हे अधिकार आहेत त्या अधिकाऱ्याचे कार्यालय तास-दीड तासाच्या प्रवासावर आणि त्याच्या हाती असलेली माणसे मोजकी. फौजदारी गुन्हा आणि परवान्यावरील कारवाई यांनी एकमेकींच्या हातात हात घालून चालावे, ही अपेक्षा. प्रत्यक्षात पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत परवाना प्राधिकाऱ्याकडे वेळेत पोहोचली तरच दुसरे चाक फिरते.

औद्योगिक परवान्यांतही हेच दिसते. पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’चा, प्रचंड साठा पकडला. रीतसर भूखंडावरील, बाहेरून इतरांसारख्याच दिसणाऱ्या कारखान्यात हे घडले. भूखंडाचा कागद औद्योगिक विकास महामंडळाकडे, प्रदूषणाचा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, कामगार सुरक्षेचा कारखाना निरीक्षकाकडे; प्रत्येक खाते आपापला रकाना भरते आणि कारखान्यात प्रत्यक्षात काय शिजते, हा रकाना कोणाच्याच अर्जात नसतो. अंबरनाथ आणि बदलापूर ही दोन्ही शहरे रासायनिक कारखान्यांच्या वसाहतींना लागून वाढली आहेत. तेथील शेकडो प्रामाणिक उद्योजकांवर संशय घेण्याचे कारण नाही. पण त्यांच्याच हितासाठी या तुटक परवान्यांची एकत्रित तपासणी का होऊ नये?

दारूच्या परवान्याचा धडा

परवान्याच्या शिस्तीचा सर्वांत जुना अनुभव महाराष्ट्राला दारूच्या बाबतीत आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या कलम ५४ आणि ५६ने परवाना निलंबित वा रद्द करण्याचे व्यापक अधिकार दिले आहेत. कलम १०४ने मात्र अशा कारवाईऐवजी रक्कम स्वीकारून प्रकरण मिटवण्याची सोयही ठेवली आहे. ही तडजोड किरकोळ चुकांसाठी उपयुक्त असते. पण गल्ला मोठा आणि दंड लहान असेल, तर दंड हा शिक्षा न राहता धंद्याचा खर्च बनतो.

मोठी दुर्घटना घडली की हीच यंत्रणा किती वेगाने हलू शकते, हे पुण्याने पाहिले. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्याला दारू दिल्याचा ठपका असलेल्या आस्थापनांना काही दिवसांतच टाळे लागले आणि शहरभर परवाने तपासण्याची मोहीम निघाली. महिनाभरात फर्ग्युसन रस्त्यावरील एका पबमध्ये अमली पदार्थांचे सेवन होत असल्याची चित्रफीत पसरली आणि या वेळी उत्पादन शुल्क व पोलिस खात्यातील काही जणांनाही निलंबनाला सामोरे जावे लागले. म्हणजे अधिकार होते, माणसेही होती. दोन जीव जाण्याची आणि चित्रफीत पसरण्याची वाट मात्र पाहिली गेली.

ऑक्टोबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, तेव्हाही तमिळनाडूतील उत्पादकाचा परवाना रद्द झाला तो त्यानंतरच. परवाना रद्द करणे हे अनर्थ टाळण्याचे साधन आहे. आपल्याकडे ते अनर्थानंतरचा शोकप्रस्ताव होऊन बसले आहे.

दारूच्या बाबतीत नागरिकांच्या हाती निदान एक शस्त्र आहे. गावात किंवा प्रभागात मतदान घेऊन ‘आडवी बाटली’ करण्याचा अधिकार महाराष्ट्रातील महिलांनी अनेक ठिकाणी वापरला आणि दुकाने बंद करून दाखवली. औषध दुकान अशा मतदानाने बंद करणे अर्थातच चुकीचे ठरेल. आजारी माणसाची सोय बहुमतावर सोडता येत नाही. पण कोणत्या दुकानावर कोणती कारवाई झाली, हे जाणण्याचा हक्क तरी त्याच नागरिकांना का नसावा?

परदेशातील दोन वाटा

गांजाला परवाना देणाऱ्या देशांचा अनुभव येथे उपयोगी पडतो. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजाचा व्यापार कायदेशीर केला. पुढच्याच वर्षी ‘कॅनट्रस्ट’ या नामांकित परवानाधारक कंपनीने परवाना मिळण्यापूर्वीच काही खोल्यांत लागवड केल्याचा ठपका तेथील आरोग्य खात्याने ठेवला. जुलै २०१९मध्ये सुमारे ५,२०० किलो माल रोखून धरण्यात आला, सप्टेंबरमध्ये परवाना निलंबित झाला आणि मार्च २०२०मध्ये कंपनीला धनकोंपासून संरक्षण मागावे लागले. त्रुटी दूर केल्यानंतर परवाना टप्प्याटप्प्याने परत मिळाला. कंपनीच्या तीन माजी वरिष्ठांवरील खटला मात्र डिसेंबर २०२२मध्ये निर्दोष मुक्ततेने संपला. यातून दोन गोष्टी दिसतात. परवान्याची शिस्त आणि फौजदारी खटला या स्वतंत्र वाटा असून एकीने दुसरीची वाट पाहत बसू नये, ही पहिली. दुसरी अशी, की निलंबनाचा आघात इतका जबर असतो की तो उघड, सकारण आणि तपासता येईल अशाच पद्धतीने व्हायला हवा.

थायलंडची वाट वेगळी. तेथे ९ जून २०२२ रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला गेला. विक्रीचे तपशीलवार नियम होण्याआधीच हजारो दुकाने उघडली. तीन वर्षांनी, जून २०२५मध्ये, सरकारने वैद्यकीय चिठ्ठीची अट घालून दोर आवळला. आधी दार उघडायचे आणि नंतर कडी शोधायची, अशी ही तऱ्हा. दुकानदारांनी भांडवल गुंतवले होते, ग्राहकांना सवय लागली होती. शिस्त उशिरा आल्याने ती सर्वांनाच शिक्षेसारखी वाटली.

कठोरपणाची दुसरी बाजू

परवाने सरसकट रद्द करा, अशी मागणी लोकप्रिय होऊ शकते. ती शहाणपणाची नाही. उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पात रात्री उघडे असणारे एकमेव औषध दुकान बंद पडले, तर दम्याच्या रुग्णाने जायचे कोठे? कारवाईच्या भीतीने विक्रेत्यांनी वेदनाशामक आणि झोपेची औषधे ठेवणेच सोडले, तर चिठ्ठी घेऊन आलेल्या कर्करुग्णाने कल्याण-ठाण्याच्या फेऱ्या मारायच्या काय? शिवाय अमर्याद अधिकार हा भ्रष्टाचाराचाही जन्मदाता असतो. ‘परवाना घालवीन’ ही धमकी तिजोरीऐवजी खिशाकडे वळायला वेळ लागत नाही. नियम पाळणारा छोटा दुकानदार वहीतील एका राहिलेल्या नोंदीसाठी भरडला जातो आणि वजनदार माणूस स्थगिती आणतो, असे चित्र निर्माण झाले तर कायद्याविषयीचा उरलासुरला आदरही संपेल.

म्हणून शिक्षा मोठी असण्यापेक्षा ती निश्चित, प्रमाणात आणि उघड असणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. निलंबन, रद्दबातल परवाने आणि स्थगिती यांचे आदेश कारणांसह संकेतस्थळावर प्रसिद्ध करता येतील आणि दुकानाच्या दर्शनी भागावर लावता येतील. अपिलाचा निकाल ठरावीक मुदतीत देण्याचे आणि स्थगिती कारणे नोंदवूनच देण्याचे बंधन शासन स्वतःवर घालून घेऊ शकते. पहिल्या चुकीला त्या औषधापुरते निलंबन, दुसरीला संपूर्ण दुकानाचे आणि मुलांना माल विकल्याचे सिद्ध झाल्यास परवाना रद्द, अशी चढती उतरंड आजच्या नियमांतही बसते. एका नावाने बंद झालेला धंदा शेजारच्या गाळ्यात दुसऱ्या नावाने उघडू नये, यासाठी इतिहास जागेबरोबरच माणसाच्या नावेही नोंदवला गेला पाहिजे. तीन शहरांसाठी पोलिस, अन्न व औषध प्रशासन, उत्पादन शुल्क आणि तिन्ही पालिका यांची दरमहा एकत्र बैठक झाली, तर ठाण्यातला कागद आणि कॅम्पातले दुकान यांतील अंतर बरेच कमी होईल.

विजयेच्या औषधांसाठी मात्र केंद्राला नियमात दुरुस्ती करावी लागेल. ‘ई-१’ द्रव्ये असलेल्या औषधांच्या विक्रेत्यांची किमान नोंदणी आणि चिठ्ठीची नोंद ठेवण्याची सक्ती झाली, तर खऱ्या रुग्णाला संरक्षण मिळेल आणि बेफिकीर विक्रेत्याकडून काढून घेण्यासारखे काही तरी सरकारच्या हाती येईल.

गांजाच्या कायदेशीर व्यापाराचा प्रश्न भारतापुढे आज ना उद्या येईल. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने डिसेंबर २०२०मध्ये या वनस्पतीला सर्वांत कडक यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले होते. त्या चर्चेत महसुलाचे आकडे मांडले जातील, औषधी गुणांची आणि परंपरेची साक्ष काढली जाईल. त्या वेळी कॅम्पातल्या एखाद्या औषध दुकानाच्या ‘एच-१’ वहीकडेही कोणी तरी बोट दाखवायला हवे. ती वही आज कोण तपासतो, तिच्यात खोट सापडली तर काय होते आणि जे होते ते शेजारच्या घरातील आईला कळते का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत नव्या परवान्याची भाषा करणे घाईचे ठरेल.